शेजारी बांध कोरायला लागला की काय करायचं: सिव्ह ६ मल्टिप्लेअर

सिव्हिलायझेशन ६ म्हणजे शहरं वसवून साम्राज्य वाढवायचा, टर्न-टर्नने खेळायचा कॉम्प्युटर गेम. त्याच्या मल्टिप्लेअरमधे बहुतेक लोक लढाईत हरत नाहीत. ते हरतात चाळिसाव्या-पन्नासाव्या टर्नला, जेव्हा नकाशा जरा लांबून बघतात आणि कळतं की शेजाऱ्याची सात शहरं झालीत, आपली तीन आहेत, आणि चौथं बसवायला बर्फ नाहीतर वाळवंट सोडून काही उरलेलंच नाही. मग सुरू होतं रडगाणं, की मला स्टार्टच खराब मिळाला, तो चीप खेळतो, वगैरे. स्टार्ट खराब नव्हता भावा, तो रोज नांगराचा एक तास बांध कोरत होता आणि तू पिरॅमिड बांधत बसलास.

तर हे सगळं त्या शेजाऱ्यासाठी. माणूस शेजारी, एआय (कॉम्प्युटर खेळवतो तो) नाही. एआयला हाकलायचे हजार मार्ग आहेत आणि तो तुमच्यावर डूख पण धरत नाही. माणूस धरतो, आणि पुढच्या रविवारच्या गेममधे सुद्धा लक्षात ठेवतो.

एक गोष्ट आधीच सांगतो म्हणजे खाली जे लिहिलंय ते नीट लागेल. शेजाऱ्याला संपवायचं नसतं, त्याची जागा कमी करायची असते. सहा-आठ जणांच्या फ्री-फॉर-ऑलमधे (सगळे सगळ्यांविरुद्ध) दोघं शेजारी तीस टर्न एकमेकांची डोकी फोडत बसले की जिंकतो तो नकाशाच्या दुसऱ्या टोकाला बसलेला तिसरा, जो निवांत कॅम्पस (शहराचा सायन्स देणारा विभाग) टाकत असतो. त्यामुळे प्रत्येक वेळी प्रश्न हा विचारायचा की त्याला इथे थांबवायला मला किती खर्च येतोय. आधी थांबवलं तर एक वॉरियर (सुरुवातीचा साधा सैनिक) पुरतो, उशीर झाला की अख्खं सैन्य लागतं.

सुरुवातीला बघायचं काय

पहिला स्काउट (टेहळ्या) सगळे लोक गोल गोल फिरवतात गुडी हटच्या (बक्षीस देणाऱ्या झोपड्यांच्या) मागे. हट घ्या, पण शेजारी सापडला की स्काउट त्याच्या दिशेला ठेवा, त्याची राजधानी बघा आणि मग सेटलर लेन्स (सेटलर म्हणजे नवीन शहर बसवणारं युनिट, त्याच्यासाठीच्या जागा दाखवणारा नकाशा) लावून त्याच्या खुर्चीत बसून विचार करा की मी तो असतो तर दुसरं शहर कुठे टाकलं असतं. उत्तर दहातल्या आठ वेळा सोपं असतं. गोडं पाणी असेल तिथे, कारण नदी किंवा तळ्याशेजारी सुरुवातीची हाउसिंग (लोकसंख्येला राहायची जागा) ५ मिळते, नुसता समुद्र असेल तर ३ आणि काहीच नसेल तर २, त्यामुळे नदी सोडून कोरड्यात कोण जाणार. वर एखादं नवीन लक्झरी, जवळ दोन-तीन टेकड्या. अशा दोन-तीन जागा तुमच्या आणि त्याच्या मधे असतात आणि भांडण तिथेच होणार हे दहाव्या टर्नलाच कळलेलं असतं. नकाशावर पिन टाकून ठेवा.

बाकी त्याच्याकडून येणाऱ्या खुणा. त्याने पॅन्थिऑनमधे (पहिल्या धार्मिक श्रद्धेत) रिलिजस सेटलमेंट्स घेतलं तर त्याला एक सेटलर फुकट मिळाला, म्हणजे पुढच्या चार-पाच टर्नमधे कुठेतरी शहर उगवणार. अर्ली एम्पायर हे सिव्हिक (संस्कृतीतून मिळणारा शोध) झालं की कॉलनायझेशन हे धोरणाचं कार्ड मिळतं, सेटलरच्या प्रॉडक्शनला (शहराच्या बांधणीच्या ताकदीला) ५० टक्के जादा, आणि सिव्हिकला बूस्ट (सवलत) मिळतो एकूण लोकसंख्या ६ झाली की, म्हणजे तो साधारण कधी लावेल याचा अंदाज बांधता येतो. स्कोअरवर पण लक्ष ठेवा, शहर वाढलं की आकडा उडी मारतो. गव्हर्नर मॅग्नसला त्याने प्रोव्हिजन प्रमोशन दिलं असेल तर त्या शहरात सेटलर काढताना लोकसंख्या कमी होत नाही, आणि वर गव्हर्मेंट प्लाझात अँसेस्ट्रल हॉल बांधला तर समजून जा की साहेबांचा विचार दहा शहरांचा आहे. असा शेजारी वेळेत आवरला नाही तर नंतर आवरत नाही.

जागा धरायची कशी

आता मुख्य भाग. सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात परिणामकारक उपाय म्हणजे तुमचं दुसरं शहर त्याच्या बाजूला टाकणं, मागे सुरक्षित जागेत नाही. मागची जागा कुठे पळून जात नाही, तिथे दुसरं कुणी येणार नाहीये, ती चौथ्या सेटलरला पण मिळेल. पण मधली नदी आज घेतली नाही तर उद्या त्याची. स्टँडर्ड स्पीडला पहिला सेटलर ८० प्रॉडक्शनला पडतो आणि पुढचा प्रत्येक ३० ने महाग होतो, मल्टिप्लेअरला बहुतेक ऑनलाइन स्पीड असतो तिथे हे सगळं निम्मं. म्हणजे सगळ्यात स्वस्त सेटलर सगळ्यात वादग्रस्त जागेवर खर्च करायचा, हा साधा हिशोब आहे.

आणि हे लक्षात घ्या की एक शहर फक्त स्वतःची जागा घेत नाही. दोन शहरांच्या मधे कमीत कमी ३ टाइल (नकाशाची षटकोनी घरं) सोडाव्या लागतात, म्हणजे तुमच्या शहराभोवती ३ टाइलच्या वर्तुळात दुसऱ्या कुणालाच शहर बसवता येत नाही. मोजा, मधली एक, मग ६, मग १२, मग १८, झाल्या ३७ टाइल. एका सेटलरमधे ३७ टाइलवर बंदी. डोंगर किंवा तळ्याच्या जोडीला असं शहर टाकलं की कधी कधी अख्खी खिंड बंद होते आणि मागचा सगळा पट्टा तुमचा, तिथे पुढच्या ३० टर्न कुणी फिरकत नाही. म्हणून शहराची जागा निवडताना एखादी गव्हाची टाइल हातची गेली तरी चालेल पण वर्तुळ खिंडीवर बसलं पाहिजे. यिल्डचे (टाइलच्या उत्पन्नाचे) प्रेमी लोक इथे नाकं मुरडतात, मुरडू देत.

सेटलर तयार व्हायला अजून चार टर्न आहेत आणि त्याचा सेटलर समोर दिसतोय, तेव्हा काय? तेव्हा वॉरियर. शांतता असताना दुसऱ्याचं युनिट तुमच्या युनिटच्या टाइलवर येऊन थांबू शकत नाही, त्यामुळे त्याला जिथे बसायचंय नेमकं त्या टाइलवर आपला वॉरियर उभा करून द्यायचा, दुसरी जागा असेल तर तिथे स्लिंगर (गोफणवाला). तो बिचारा सेटलर इकडून तिकडे फिरवत बसतो, दोन-तीन टर्न जातात, आणि त्यात बार्बेरियन (गेममधला लुटारू) आला तर काय सांगावं. मी पाहिलंय की माणूस याला फार वैतागतो, व्हॉइस चॅटवर ओरडतो, पण नियमात बसतं. अट एकच, वॉरियर त्या बाजूला आधीपासून हवा. राजधानीत झोपा काढणारा वॉरियर काही कामाचा नाही.

पैसे असतील तर टाइल विकत घ्या. स्वतःच्या शहरापासून ३ टाइलपर्यंत घेता येतात, तुमच्या हद्दीतल्या टाइलवर तो शहर बसवू शकत नाही हे तर आहेच, पण खरी मजा अशी की त्याचं शहर बसून झाल्यावर सुद्धा मधली घोड्यांची किंवा लोखंडाची टाइल तुम्ही आधी घेतलीत तर शहर त्याचं आणि घोडे तुमचे. शिवाय तुमचं अर्ली एम्पायर झालं की तुमच्या हद्दीतून ओपन बॉर्डर्सच्या कराराशिवाय त्याची माणसं जाऊ शकत नाहीत, म्हणजे टाइलची एक ओळ म्हणजे कुंपणच. त्याआधी मात्र हद्द नावालाच, कुणीही येतं जातं.

बोलून घ्या आधी

हे लोक का करत नाहीत मला कळत नाही. समोर माणूस आहे, त्याला मेसेज करा. नकाशावर पिन टाकून सरळ लिहायचं की नदीच्या अलीकडे मी, पलीकडे तू, उत्तरेचं तळं तू घे, मी नाही येणार. दहातले पाच-सहा शेजारी मान्य करतात कारण त्यांनाही दुसऱ्या बाजूला कुणीतरी त्रास देतच असतो. मान्य केलं की फ्रेंडशिप डिक्लेअर करून घ्या, तेवढे टर्न युद्ध जाहीरच करता येत नाही, शब्दापेक्षा हे पक्कं.

सूर मात्र सांभाळा. "इकडे आलास तर बघ" असं लिहिलं की समोरचा मुद्दाम येतो, आपल्याकडे शेताच्या वाटणीत काय होतं ते आठवा. त्यापेक्षा "अरे मी इकडे सेटलर पाठवलाय, तुझा वाया जाऊ नये म्हणून सांगतोय" हे चालतं, सेटलर पाठवलेला नसला तरी. आणि करार करताना स्वतःकडून असं काही द्या जे तुम्हाला तसंही नको होतं. टुंड्रा देऊन टाका, मोठं मन दाखवा.

बसलाच तर लॉयल्टी

समजा हे सगळं करूनही त्याने तुमच्या नाकासमोर शहर टाकलं, ज्याला सगळे फॉरवर्ड सेटल म्हणतात. लगेच तलवार काढायची गरज नाही. २०१८ च्या राइज अँड फॉल या एक्स्पान्शनपासून गेममधे लॉयल्टी (शहराची मालकाशी निष्ठा) आहे आणि २०१९ च्या गॅदरिंग स्टॉर्ममधे पण आहे, लॉबीत रूलसेट कुठला लावलाय ते बघून घ्या, जुन्या बेस गेममधे हा भागच नाही.

गणित असं. प्रत्येक नागरिक ९ टाइलपर्यंत आजूबाजूच्या शहरांवर दाब टाकतो, दर टाइलमागे तो दाब १० टक्क्यांनी कमी होतो. म्हणजे तुमची ८ लोकसंख्येची राजधानी त्याच्या शहरापासून ४ टाइलवर असेल तर त्या आठ जणांचा ६० टक्के दाब तिथे पडतो, आणि त्याचं स्वतःचं गाव एक लोकसंख्येचं, त्याची राजधानी ८ टाइल लांब, तिथून जेमतेम २० टक्के पोचतो. शहराची लॉयल्टी १०० असते, दाबाने दर टर्नला जास्तीत जास्त २० जाऊ शकते, म्हणजे दाब पूर्ण असेल आणि काहीच केलं नाही तर पाच टर्नमधे शहर हातातून गेलं आणि फ्री सिटी (कुणाचंच नसलेलं शहर) झालं. शहाणा शेजारी हे सेटलर लेन्समधे आधीच बघतो, तिथे आकडा लाल दिसतो, पण घाईत असलेला बघत नाही.

तो काय करणार? गव्हर्नर पाठवेल, त्याने दर टर्न ८ मिळतात. मॉन्युमेंट विकत घेईल. लिमिटानी कार्ड लावून आत सैनिक बसवेल, त्याचे २. म्हणजे तुम्हाला बघायचंय ते एवढंच की त्याच्याकडे गव्हर्नर मोकळा आहे का. नसेल तर स्वस्थ बसा. असेल तर तुमची लोकसंख्या वाढवा, त्या बाजूच्या शहरांना धान्य मिळेल अशा टाइलवर माणसं लावा, ग्रॅनरी घ्या, अजून एक शहर त्याच्या दुसऱ्या बाजूला टाका म्हणजे दाब दोन्हीकडून. एंटरटेनमेंट कॉम्प्लेक्स असेल तर ब्रेड अँड सर्कसेस प्रोजेक्ट चालवा. युग बदलताना तर डोळ्यात तेल घालून बघायचं, कारण गोल्डन एजमधे तुमचा नागरिक दीडपट दाब टाकतो आणि डार्क एजमधे त्याचा निम्मा, तुम्ही गोल्डन आणि तो डार्क असं जुळून आलं तर दोन दोन शहरं आपोआप गळतात. इरा स्कोअरचे (ज्यावरून पुढचं युग गोल्डन की डार्क ते ठरतं) दोन-तीन पॉइंट कमी पडत असतील तर युग संपायच्या आधी कुठूनही गोळा करा, एखादा बार्बेरियन कॅम्प मारा, काही पण.

फ्री सिटी झाल्यावर लगेच उड्या मारू नका. तिच्यात सैनिक उगवतात आणि ते सगळ्यांशीच लढतात, पण मस्त भाग हा की ती घ्यायला कुणाशी युद्ध जाहीर करावं लागत नाही. दाब तुमचाच जास्त असेल तर थोड्या टर्नने ती आपण होऊन तुमच्याकडे येते. नसेल तर दोन आर्चर आणि एक वॉरियर नेऊन घ्या, पण त्याच्या आधी घ्या, कारण तोही तेच करणार.

दोन अपवाद. शेजारी फिनिशियाची डायडो असेल तर राजधानीच्या खंडावर किनाऱ्याला बसवलेली तिची शहरं पूर्ण लॉयल असतात, तिथे हा उपाय शून्य. आणि एलेनॉर असेल तर उलट तुम्हीच सांभाळा, तिच्या ग्रेट वर्क्समुळे (कलाकृती, ग्रंथ वगैरे) ९ टाइलमधली तुमची शहरं झिजतात आणि फ्री सिटी न होता थेट तिच्याकडे जातात.

आणि लढायचंच असेल तर

लढायची योग्य वेळ म्हणजे त्याचा सेटलर वाटेत असतानाची. सिव्ह ६ मधे सेटलर पकडला की तो सेटलरच राहतो, तुमचा होतो. त्याचे ८०-११० प्रॉडक्शन गेले, तुम्हाला तेवढेच मिळाले आणि ज्या जागेसाठी भांडण होतं ती पण तुमची, एका क्लिकमधे. माझ्या मते अख्ख्या सुरुवातीच्या गेममधे याच्याइतका मोठा फायदा दुसऱ्या कशात नाही. सोबत एस्कॉर्ट नसेल तर सरप्राइज वॉर जाहीर करून उचला. तो चिडेल, ठीक आहे, तह करता येऊ लागला की शांततेचं बोलणं टाका.

इथे एक गोष्ट कळली पाहिजे जी नवीन लोकांना माहितच नसते. सायमल्टेनियस टर्न (सगळे एकाच वेळी खेळतात) लावले असतील तर जो आधी क्लिक करतो त्याचं आधी. त्यामुळे लोक या टर्नच्या शेवटच्या सेकंदाला युनिट हलवतात आणि पुढचा टर्न सुरू होताच पुन्हा हलवतात, म्हणजे समोरच्याला मधे संधीच नाही, याला डबल मूव्ह म्हणतात. काही ग्रुपमधे हे चालत नाही, काहींमधे सर्रास. लॉबीतच विचारून घ्या, नंतर वाद नको. आणि चालत असेल तर तुमचा स्वतःचा सेटलर सीमेवर कधीच उघडा ठेवू नका, वॉरियरसोबत फॉर्मेशनमधे न्या. डायनॅमिक टर्न असतील तर युद्ध लागल्यावर एकामागून एक खेळतात, तिथे हा त्रास कमी पण बाकीच्या खेळाडूंच्या शिव्या जास्त, कारण सगळे थांबून राहतात.

सेटलर निसटला आणि शहर बसलं, तरी नवीन शहर कच्चं असतं. भिंती नाहीत म्हणून ते गोळी पण मारू शकत नाही. स्लिंगरने एक युनिट मारलं की आर्चरीचा युरेका (शोधाला मिळणारा बूस्ट) मिळतो, मग दोन-तीन स्लिंगर अपग्रेड करून आर्चर करायचे, आर्चर दोन टाइलवरून मारतो, सोबत दोन वॉरियर, कारण शहरात शिरायला मेली (हातघाईचं) युनिटच लागतं. अगोगे कार्ड लावलं तर या सगळ्या युनिटांच्या प्रॉडक्शनला ५० टक्के जादा मिळतात. शहर चारी बाजूंनी घेरलं की ते दर टर्नला भरून येत नाही, त्यामुळे तिसरा वॉरियर लढला नाही तरी मागे नेऊन उभा करा. आणि शहर एक लोकसंख्येचं असेल तर जिंकल्यावर तुम्हाला मिळत नाही, उद्ध्वस्तच होतं, तेव्हा मागे स्वतःचा सेटलर तयार ठेवा नाहीतर मेहनत तुमची आणि जागा परत त्याची.

त्याने भिंती बांधल्या की गणित बदललं. आर्चर भिंतीला नुसतं खाजवतात. बॅटरिंग रॅम आणा, तेही मॅसनरीलाच मिळतं ज्याने त्याला भिंती मिळाल्या, पण तोवर त्याचेही आर्चर आलेले असतात आणि टेकडीवर नदीपलीकडे असलेल्या शहरावर माणूस शेजारी असताना धावून जाणं म्हणजे प्रॉडक्शन नदीत टाकणं. अशा वेळी शहर सोडा आणि बाजूचं सगळं लुटा. घोडेस्वार आत घालून शेतं लुटली तर तुमचंच युनिट बरं होतं, कॅम्पस लुटला तर सायन्स, कमर्शियल हबमधून सोनं, रस्त्यावरचे ट्रेडर तर लुटायचेच. रेड कार्ड असेल तर शेतं-खाणी लुटल्याची मिळकत दुप्पट. गेममधे मराठे नाहीत म्हणून काय झालं, चार घोडेस्वारांना गनिमी कावा करायला कुणी अडवलंय. त्याला शहरं मिळाली पण त्यांच्यातून काही निघत नाही अशी अवस्था करून ठेवायची, आणि मग तहाला बसायचं.

युद्ध जाहीर करण्याआधी समोर कोण आहे ते मात्र बघा. गिल्गामेशच्या वॉर-कार्ट पहिल्या टर्नपासून निघतात, ३० ताकदीच्या, तुमचा वॉरियर २० चा. मोंटेझुमाचा ईगल वॉरियर तुमची युनिटं मारून त्यांना स्वतःचे बिल्डर बनवतो. टॉमिरिस एक हलका घोडेस्वार काढते तेव्हा दोन मिळतात. ऑस्ट्रेलियावर तर आपण होऊन युद्ध जाहीर करूच नका, जाहीर केलं की त्याचं प्रॉडक्शन काही टर्न दुप्पट होतं, तुम्ही त्याला भेटच दिली. अशा शेजाऱ्यांकडे वॉरियर आडवा लावणं, टाइल विकत घेणं आणि गोड बोलणं एवढंच.

आणि काही न करता पण त्रास देता येतो. त्याच्या बाजूला बार्बेरियन कॅम्प असेल तर तो मारायला जाऊ नका, राहू दे. कॅम्पचा स्काउट त्याचं शहर बघून परत गेला की पुढचे आठ-दहा टर्न त्याचे सैनिक घरातच अडकतात आणि सेटलर बाहेर पडत नाही. मधे सिटी-स्टेट (एका शहराचं स्वतंत्र राज्य) असेल तर एन्व्हॉय (दूत) तिकडे टाका, सुझरेन (सगळ्यात जास्त दूत असलेला पालक) तुम्ही असाल तर युद्धात ती तुमच्या बाजूने उतरते, सोनं देऊन तिचं सैन्य पण भाड्याने घेता येतं, म्हणजे मधे फुकटचं ठाणं.

तह करताना काय मागायचं ते आधी ठरवा. लोक सोनं मागतात, ते चार टर्नमधे संपतं. त्यापेक्षा वादातलं शहर मागा, ते देत नसेल तर निदान चॅटमधे सगळ्यांसमोर कबूल करून घ्या की नदीच्या अलीकडे परत नाही. सगळ्यांसमोर म्हणतोय, खासगीत नाही, कारण शब्द मोडला तर त्याच्या पलीकडच्या शेजाऱ्यालाही कळलं पाहिजे की आता जॉइंट वॉरला (दोघांनी मिळून करायच्या युद्धाला) तुम्ही तयार आहात. तह झाला की त्याच टर्नला सेटलर लावा, वॉरियर परत बोलवू नका.